ईश्वर, नीती आणि महाडचे पाणी

ईश्वर नाकारला तर नीती टिकेल काय, असा प्रश्न आपल्याकडील अध्यात्मवादी मंडळी मोठ्या काळजीने विचारतात. ईश्वर मानणाऱ्यांनी कोणती नीती टिकवली, हे मात्र ते विचारीत नाहीत. २० मार्च १९२७ रोजी महाडला अस्पृश्यांनी चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, माणसांना होता. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जेवायला बसलेल्या माणसांवर लाठ्या चालल्या. पुढे मंत्र म्हणून, पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. हे करणारे नास्तिक नव्हते. आपल्या जातीत ते शब्दाला जागणारे, दानधर्म करणारे सज्जनही असतील.

या विसंगतीचा उलगडा बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ (मूळ इंग्रजी ग्रंथ, १९५७) च्या चौथ्या खंडात केला आहे. नीती व्यापाऱ्यांत असते, जातभाईंत असते, दरोडेखोरांच्या टोळीतही असते. पण ती गटापुरती असते; म्हणूनच ती समाजविरोधी ठरते. नीती सार्वत्रिक हवी आणि पवित्रही हवी, असे ते म्हणतात. तिचा उगम ते ईश्वराच्या आज्ञेत शोधीत नाहीत. माणसाने माणसावर प्रेम करण्याच्या गरजेत शोधतात.

‘पवित्र’ हा शब्द आपल्यातील काही बुद्धिवाद्यांना खटकतो. मागच्या दाराने ईश्वर परत आला, असे त्यांना वाटते. हा आक्षेप वरवरचा आहे. जगण्याच्या झगड्यात जो बलवान तो टिकतो. पण बलवान म्हणजे श्रेष्ठ नव्हे. दुर्बलाला संरक्षण मिळावयाचे तर काही नियम कोणालाही मोडता येऊ नयेत. बाबासाहेबांच्या ‘पवित्र’चा अर्थ एवढाच आहे. तो शब्द मंदिरातून आलेला नाही, मार खाल्लेल्यांच्या गरजेतून आला आहे.

मात्र हा विचार दुधारी आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आपण देव सोडले. पण सोयरीक जुळवताना पोटजात पाहिली जात असेल, बुद्धमूर्तीपुढे नवस बोलला जात असेल, तर आपण देव सोडले, गटाची नीती सोडली नाही. ईश्वराविना नीती शक्य आहे काय, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथात आहे. त्याचा पुरावा आपल्या उंबरठ्याच्या आत द्यावा लागेल.