खाडाखोड

मागच्या भागात विद्यार्थ्यांच्या पुनर्लेखनाबद्दल बोलताना नॅन्सी सॉमर्स यांच्या १९८० सालच्या शोधनिबंधाचा उल्लेख घाईघाईत झाला. तो नीट वाचायला हवा, आणि थोडं भांडूनसुद्धा.

सॉमर्स यांनी बॉस्टन आणि ओक्लाहोमा विद्यापीठांतले पहिल्या वर्षाचे २० विद्यार्थी घेतले, आणि २० अनुभवी लिहिणारे: पत्रकार, संपादक, प्राध्यापक. प्रत्येकानं तीन लेख लिहिले आणि प्रत्येक लेख दोनदा पुन्हा लिहिला. विद्यार्थी शब्द बदलत राहिले. तोच शब्द परत आला की दुसरा शोधायचा, बास. अनुभवी मंडळी मात्र आपल्याला म्हणायचंय काय, हेच पुन्हा तपासत होती.

निरीक्षण अचूक आहे. इथे अमेरिकेत मी पदवीच्या मुलांचे मसुदे तपासते, दर सत्रात हेच. ‘इम्पॉर्टंट’चं ‘क्रूशियल’ होतं, मुद्दा जागच्या जागी. पण ही तुलना मला खटकते. पत्रकाराला वाचक असतो. विद्यार्थ्याला फक्त मार्क देणारा असतो. त्यानं नुसते शब्द बदलले तर तो अडाणी नाही, हिशेबी आहे.

आपलंच आठवा ना. निबंध कच्च्या वहीत लिहायचा, मग पक्क्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवायचा. खाडाखोड दिसली की मार्क गेले. मी तर भलतीकडे गेलेलं वाक्यही तसंच रेटून पूर्ण करायचे, खोडायला नको म्हणून.

१९८२ च्या लेखात सॉमर्स यांनी बोट शिक्षकांकडे वळवलं, आणि मला तो लेख जास्त मोलाचा वाटतो. आपले शेरे कुठल्याही निबंधावर चिकटवता येतील असे असतात. शिवाय एकाच परिच्छेदात स्वल्पविराम दुरुस्त कर असंही सांगायचं, आणि मुद्दा पुन्हा मांड असंही. जे वाक्य उद्या राहणारच नाही, त्याचा स्वल्पविराम पोरानं कशाला सुधारायचा?

तेव्हापासून पहिल्या मसुद्यावर मी व्याकरणाच्या खुणा करत नाही. एकच प्रश्न लिहिते, त्या मसुद्यापुरता. ‘तिसऱ्या परिच्छेदात तू पहिल्याच्या उलट म्हणतेयस. तुला खरं कुठलं वाटतं?’ यावर गेल्या सत्रात एका मुलीनं पाचातली तीन पानं टाकून दिली. नवा मसुदा आधीपेक्षा खडबडीत होता, शेवट तर अर्धवटच. पण आता त्यात तिचं स्वतःचं म्हणणं होतं. गुणदानाच्या ठरलेल्या तक्त्यात मात्र त्याला पहिल्यापेक्षा कमी मार्क बसत होते. मी तक्ता बाजूला ठेवून मार्क दिले. हे बाकीच्या मुलांवर अन्यायाचं झालं का, यावर आमच्यात रेकॉर्डिंग संपल्यावरही वाद चालू होता.