टोटोरो, मारिओ आणि हरवलेले नाव

कार्टून आणि व्हिडिओ गेम ह्या दोन्ही गोष्टी आपल्या घरांतून अजून एकाच खात्यावर जमा होतात : पोरखेळ. कथा, कविता, नाटक, झालेच तर संगीत ह्यांची समीक्षा दिवाळी अंकांतून होते. पण घरातली दहा-पंधरा वर्षांची मुले ज्या कलाकृतींच्या सहवासात सर्वांत जास्त तास घालवतात, त्यांच्याबद्दल आपण 'डोळे बिघडतील' ह्यापलीकडे काही बोलत नाही. डोळ्यांचे डॉक्टर बघून घेतील. त्या पडद्यावर जे चालले आहे ते चांगले की वाईट, आणि चांगले असेल तर कशामुळे, हे विचारण्याचे काम मात्र रसिकाचे आहे. प्रस्तुत लेखक ह्या विषयाचा पंडित नव्हे, निव्वळ शौकीन आहे. तेव्हा पुढची मते शौकिनाची समजावीत आणि न पटल्यास वाचकांनी खुशाल भांडावे.

आपल्या पिढीची ह्या कलेशी पहिली गाठ पडली ती दूरदर्शनवर. १९९३ साली रविवारी सकाळी 'जंगल बुक' सुरू झाले आणि मोगली घराघरांत शिरला. कथा किपलिंगची, गीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाजांचे, आणि शेरखानाच्या तोंडी आपल्या नाना पाटेकरांचा आवाज. एवढी आपली माणसे असल्यावर ही मालिका मुळात जपानी आहे हे कुणाच्या ध्यानात यावे? त्याच सुमारास युगो साको ह्या जपानी दिग्दर्शकाने आपल्या राम मोहन ह्यांना बरोबर घेऊन रामायणावर पूर्ण लांबीचा सचेतनपट केला. तो २०२५ च्या जानेवारीत पुन्हा चित्रपटगृहांत आला. तो पाहताना जाणवते की, ह्या परक्या माणसाने रामकथेतली अरण्ये आपल्या मालिकावाल्यांपेक्षा अधिक जिवंत रंगवली आहेत. भक्ती असली म्हणजे झाड नीट काढता येतेच असे नाही. त्यासाठी झाडाकडे बघावे लागते.

हे 'बघणे' म्हणजे काय ते समजून घ्यायचे तर हायाओ मियाझाकी ह्यांच्याकडे जावे. त्यांचा 'माय नेबर टोटोरो' १९८८ चा. सात्सुकी आणि मेई ह्या दोन बहिणी वडिलांबरोबर खेड्यातल्या जुन्या घरात राहायला येतात. आई जवळच्या रुग्णालयात आजारी आहे. रानात टोटोरो नावाचा एक भला थोरला केसाळ प्राणी राहतो आणि तो फक्त मुलींनाच दिसतो. कथा म्हणाल तर एवढीच. खलनायक नाही, पाठलाग नाही, शेवटची मारामारी नाही. पावसात बसथांब्यावर वडिलांची वाट पाहत दोघी उभ्या आहेत, शेजारी टोटोरो येऊन उभा राहतो, सात्सुकी त्याला छत्री देते, आणि छत्रीवर पडणाऱ्या टपोऱ्या थेंबांचा आवाज ऐकून तो खूश होतो. ह्या प्रसंगात 'घडत' काहीच नाही, आणि तरी एकदा पाहिलेला माणूस तो विसरत नाही.

२००२ साली अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट ह्यांनी मियाझाकींना ह्या रिकाम्या जागांविषयी विचारले. तेव्हा त्यांनी तीन-चार टाळ्या वाजवून दाखवल्या आणि टाळ्यांच्या मधला जो वेळ, तो 'मा', असे सांगितले. हे आपल्याला समजावून सांगायला नको. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मून माळव्यातल्या देवासला स्थायिक झालेल्या कुमार गंधर्वांचे गाणे ज्यांनी ऐकले आहे, त्यांना दोन स्वरांमधल्या जागेची किंमत ठाऊक आहे. नेमकी ह्याच जागेची भीती हॉलिवुडच्या बहुतेक सचेतनपटांना वाटते. डिस्ने कंपनीची कारागिरी वादातीत आहे. पण तिथली पात्रे गप्प बसली की कुणीतरी गाऊ लागते, नाहीतर एखादा विनोदी पक्षी मध्ये तोंड घालतो. मूल कंटाळेल ही धास्ती. मियाझाकींना ती धास्ती नाही, कारण मूल नुसते बघू शकते ह्यावर त्यांचा विश्वास आहे. माझ्या मते खरा फरक ह्या विश्वासाचा आहे; चित्रे कुणाची देखणी हा प्रश्न त्यानंतरचा.

गंमत म्हणजे 'टोटोरो' जपानात लागला तो इसाओ ताकाहाता ह्यांच्या 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'बरोबर, एकाच तिकिटात. अकियुकी नोसाका ह्यांच्या कथेवरून केलेला हा चित्रपट दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कोबे शहरावर पडलेल्या आगलाव्या बॉम्बनंतरचा. सेइता हा मुलगा आणि धाकटी बहीण सेत्सुको ह्यांची ही उपासमार आहे, आणि मुलगा मरणार हे पहिल्याच दृश्यात सांगून टाकले आहे. 'कार्टून'ने रडवले म्हणून हसणाऱ्या गृहस्थांनी हा एकदा पाहावा. अनेक शौकीन ह्याला युद्धविरोधी चित्रपट म्हणून डोक्यावर घेतात. मला तो अधिक कडू वाटतो. मावशीच्या टोमण्यांनी दुखावलेला सेइता बहिणीला घेऊन वेगळा राहायला जातो, आणि त्याचा तो स्वाभिमानच दोघांना भोवतो. मानी घरांतून वाढलेल्या आपल्या मंडळींना हे फार जवळचे वाटेल. मात्र लहान मुलांना तो दाखवू नये.

आता खेळांकडे वळू. ज्या निंटेन्डो कंपनीने मारिओ घडवला, ती १८८९ साली क्योतोत सुरू झाली ती हातांनी बनवलेले 'हानाफुदा' पत्ते विकण्यासाठी. हे वाचल्यावर आपल्या सावंतवाडीचा गंजिफा आठवल्यावाचून राहत नाही. गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण एकशेवीस. तिथे पत्त्यांच्या कारखान्यातून पुढे अख्ख्या जगाला खेळवणारा उद्योग उभा राहिला. इथे गंजिफा राजवाड्यातल्या कारागिरांच्या हातांवर जगला आणि आपण तो शोभेची वस्तू म्हणून भेट देतो. हळहळायचे असेल तर हळहळावे. पण खेळ ही रंगवण्याची, घडवण्याची, कल्पनेची गोष्ट आहे हे आपल्याला कधीकाळी माहीत होते, एवढे तरी ह्यावरून मान्य करावे.

१९८५ सालचा 'सुपर मारिओ ब्रदर्स' आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या स्वस्त नकली यंत्रांतून पोहोचला. एकेका कॅसेटवर हजारो खेळ असल्याचे छापलेले असे, आणि लावून पाहिल्यावर तेच दहा-बारा खेळ फिरून फिरून येत. सोबत सूचनांचा कागद नसे, आणि असलाच तर भाषा कळत नसे. तरी पोरे खेळली कशी? शिगेरू मियामोतो ह्यांच्या कर्तबगारीचे मर्म इथे आहे. पहिला पडदा पाहा. मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे मोकळे मैदान. म्हणजे उजवीकडे जायचे. समोरून एक रागीट अळंबी चालत येते. तिला धडकले की मेलात, उडी मारली की वाचलात. वर प्रश्नचिन्हाची वीट. तिला डोके आपटले की दुसरी अळंबी बाहेर पडते, उजवीकडे जाते, पाइपला आपटून परत फिरते. तिच्यापासून पळू पाहणारा गडी बहुधा तिच्याच तावडीत सापडतो, आणि मोठा होतो! अर्ध्या मिनिटात पूर्ण व्याकरण शिकवून झाले, आणि तेही एका शब्दावाचून. एवढे चांगले बालवाडीचे पुस्तक निदान माझ्या पाहण्यात नाही. पुढे सात किल्ले जिंकूनही राजकन्या दुसऱ्याच किल्ल्यात असल्याचे कळते, तेव्हा सरकारी कचेऱ्यांच्या खेपा घातलेल्या आपल्या वाडवडिलांनाही मारिओबद्दल सहानुभूती वाटावी.

पण खेळ ही कला आहे का? माझे उत्तर 'होय' असे आहे, आणि त्यासाठी मी एकच साक्षीदार उभा करीन : फुमितो उएदा ह्यांचा २००५ चा 'शॅडो ऑफ द कोलॉसस'. मृत मुलीला पुन्हा जिवंत करण्यासाठी एक तरुण निर्जन प्रदेशात येतो. अट अशी की, तिथले सोळा महाकाय प्राणी मारायचे. बस्स. मधले सगळे मोकळे रान, सोबतीला घोडा. पहिला प्राणी कोसळतो तेव्हा विजयाचे नगारे वाजत नाहीत, संगीत विलापाचे होते. आणि प्राण्याच्या देहातून निघालेले काळे धागे त्या तरुणाच्या अंगात शिरतात. त्यांतले काही प्राणी तर आपल्या वाटेलाही जात नाहीत. आपणच जाऊन त्यांना डिवचतो. कादंबरीत खून वाचताना आपण साक्षीदार असतो. इथे तलवार खाली आणणारे बोट आपले असते. वाचकाला भागीदार करून घेण्याची ही सोय दुसऱ्या कोणत्याही कलेत मला दिसत नाही. ह्याच सोयीचा उपयोग बाकीचे शेकडो खेळ निव्वळ गोळ्या झाडण्यासाठी करतात, हेही तितकेच खरे. तिथे आयांची तक्रार रास्त आहे, आणि शौकिनांनी उगाच वकिली करू नये.

खेळाचा चित्रपट केला की काय होते, ह्याचा नमुना म्हणजे २०२३ चा 'द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही'. ह्या चित्रपटाने जगभर अफाट पैसा मिळवला. मला तो पोकळ वाटला. रंग झगझगीत, ओळखीची प्रत्येक वीट जागच्या जागी. पण खेळातली गंमत उडी चुकण्यात होती, आणि इथे उडी मारणारा दुसराच. वर श्वास घ्यायला जागा नाही. ओळख पटल्याच्या आनंदालाच शौकीन रसास्वाद समजू लागले आहेत, अशी शंका येते. नाट्यसंगीताच्या मैफलीत पहिल्या दोन सुरांनाच टाळ्या पडतात, त्यातलाच हा प्रकार.

शेवटी ज्यासाठी हा लेखप्रपंच केला, त्या चित्रपटाकडे येतो. मियाझाकींचा 'स्पिरिटेड अवे' २००१ चा. त्याला २००२ साली बर्लिनचे सुवर्ण अस्वल आणि २००३ साली ऑस्कर मिळाले, हे सोडून देऊ. चिहिरो नावाची दहा वर्षांची मुलगी आई-वडिलांबरोबर नव्या गावी निघालेली असताना देवदेवतांच्या स्नानगृहात अडकते. तिथली मालकीण युबाबा तिला नोकरी देते. पण करारावर सही करताच तिच्या नावातली अक्षरे हाताने उचलून घेते आणि एकच शिल्लक ठेवते. त्या उरलेल्या अक्षराचा उच्चार 'सेन'. आजपासून तू सेन. हाकू नावाचा मुलगा तिला बजावतो की, खरे नाव विसरू नकोस; विसरलीस तर परतीची वाट सापडणार नाही. तो स्वतः आपले नाव विसरलेला आहे. अखेरीस चिहिरोलाच आठवते की, लहानपणी ती ज्या नदीत पडली होती त्या नदीचे नाव कोहाकू, आणि हाकू म्हणजे तीच नदी. ती नदी आता बुजवून तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या आहेत. नाव परत मिळते. वाहायला पात्र मात्र उरलेले नाही.

जपानी समीक्षकांनी ह्यातून काय अर्थ काढायचा तो काढावा. आपण ज्या गावांत राहतो तिथे हा प्रसंग वेगळाच भिडतो. बेळगाव २०१४ च्या नोव्हेंबरपासून कागदोपत्री बेळगावी झाले. बडोदा वडोदरा झाले. इंदूर आणि इंदौर, ग्वाल्हेर आणि ग्वालियर ही जोडनावे तर एकाच घरात आजोबांच्या आणि नातवाच्या तोंडी नांदतात. ह्यात कुणावर आग पाखडण्याचा हेतू नाही. शेजाऱ्याची भाषा हीही आपल्या मुलांची भाषा आहे. कन्नड, गुजराती, तेलुगू बोलणारे आपले मूल काही हरवलेले नसते. चिहिरोही स्नानगृहात 'सेन' म्हणून मन लावून काम करते, लाद्या घासते, मित्र जोडते, आणि त्या नावानेच मोठी होते. मियाझाकींनी 'सेन'ला खोटी ठरवलेली नाही. त्यांचे म्हणणे इतकेच की, दुसऱ्या नावाने खुशाल जगावे, पण पहिले नाव कुठेतरी लिहून ठेवावे. चिहिरोकडे तो पुरावा असतो एका चिठ्ठीच्या रूपात. निरोप देताना मैत्रिणीने दिलेल्या पुष्पगुच्छाबरोबरची ती चिठ्ठी, जुन्या कपड्यांबरोबर जपली गेलेली. तिच्यावर तिचे नाव असते.

आपल्या मुलांच्या खिशात ती चिठ्ठी आहे का, एवढाच प्रश्न आहे. घरात मराठी, गल्लीत कन्नड, शाळेत इंग्रजी, आणि हिंदी शिकवली कुणी म्हणाल तर डोरेमॉनने! हे चार भाषांचे वैभव आहे. परंतु स्वप्नातल्या प्राण्याशी मूल कोणत्या भाषेत बोलते ते पाहावे. तिथे मराठी उरली नसेल, तर व्याकरणाच्या तासाने ती परत येणार नाही.

म्हणून एक सुचवतो. मियाझाकींचे बहुतेक चित्रपट २०२० साली नेटफ्लिक्सवर आले. सुट्टीत 'टोटोरो' लावावा, मूळ जपानी आवाजात. भाषा घरातल्या कुणालाच येत नसल्यामुळे आजीपासून नातवापर्यंत सगळे एका पातळीवर येतात. लहानांना उपशीर्षके वाचता येत नाहीत. ती मोठ्यांनी मराठीत सांगावीत, आणि सांगताना आपल्या घरची, आपल्या गावची मराठी वापरावी. 'स्पिरिटेड अवे' आठ वर्षांच्या पुढे. त्यातली आई-वडिलांची डुकरे होतात तो भाग थोडा भिववणारा आहे. 'फायरफ्लाइज' मुलगा मिसरूड फुटण्याच्या वयाचा झाला म्हणजे. आणि मारिओ कोणत्याही वयात. मात्र दुसरा कंट्रोलर आपण हातात घ्यावा, आणि पहिल्या अळंबीला धडकून खुशाल मरावे. मुले हसतील. कोणत्या भाषेत हसवायचे, ते आपल्या हाती आहे.