छप्परे, भिंती, माणसे, गुरे

हवामानखात्याची पत्रके कुणी चवीने वाचत नाही, आणि बहुतेक पत्रकांची तेवढी योग्यताही नसते. 28 ऑगस्ट 2005 च्या रविवारी सकाळी 10 वाजून 11 मिनिटांनी अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातून निघालेले एक पत्रक मात्र याला अपवाद आहे. ते निघाले न्यू ऑर्लिन्सजवळच्या स्लायडेल गावातल्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या कार्यालयातून, आणि लिहिले होते मुख्यतः रॉबर्ट रिक्स या हवामानतज्ज्ञाने. कॅटरिना चक्रीवादळ तेव्हा मेक्सिकोच्या आखातात पाचव्या श्रेणीला पोचले होते आणि त्याच्या वाऱ्याचा वेग ताशी 280 किलोमीटरच्या आसपास होता. न्यू ऑर्लिन्स शहराच्या हाताशी उरला होता जेमतेम एक दिवस.

पत्रकाचे बाह्यरूप ओबडधोबड आहे. तारयंत्राच्या काळापासून चालत आलेल्या रिवाजाप्रमाणे सगळा मजकूर मोठ्या लिपीत, आणि जिथे स्वल्पविराम यायचा तिथे तीन टिंबे. पहिली ओळ तर मला कच्चीच वाटते. हे वादळ अभूतपूर्व ताकदीचे आहे असे सांगून झाल्यावर लगेच 1969 च्या कॅमिल वादळाशी त्याची बरोबरी केली आहे. बरोबरीचे काही आधी होऊन गेले असेल, तर हे अभूतपूर्व कसे? पण कॅमिलचे नाव त्या किनाऱ्यावरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना ठाऊक होते. तर्काला खटकणारी ही ओळ त्यांच्या काळजाला बरोबर भिडली असणार.

खरी किमया पुढे सुरू होते. विशेषणे जवळजवळ संपतात आणि क्रियापदे कारभार हाती घेतात. या भागातला बहुतेक प्रदेश आठवडेच्या आठवडे राहण्यालायक उरणार नाही, कदाचित त्याहून अधिक काळ. चांगल्या बांधणीच्या घरांपैकी निदान निम्म्यांची छप्परे आणि भिंती कोसळतील. दुपाखी छपरे तर एकूण एक जातील. सगळ्या खिडक्या फुटतील. हवामानाच्या अंदाजाची रोजची भाषा ‘शक्यता आहे’, ‘संभवते’ अशी असते, आणि ते बरोबरच आहे, कारण शास्त्रज्ञाला आपल्या अज्ञानाची लांबीरुंदी सांगावी लागते. इथे तो संकोच बाजूला ठेवून साध्या भविष्यकाळात बोलले आहे. भयानक रसासाठी उपमा आणि अतिशयोक्ती लागते असे मानणाऱ्यांनी हा मजकूर अवश्य वाचावा. उपमा म्हणाल तर त्यात एकही नाही.

तरीही हे सरसकट ठोकून देणे नव्हे. लाकडी सांगाड्याच्या बैठ्या इमारती सगळ्या नष्ट होतील, पण काँक्रीटच्या ठोकळ्यांनी बांधलेल्यांच्या काहीच भिंती आणि छप्परे जातील. उंच इमारती धोकादायकपणे हलतील, त्यातल्या थोड्या पार कोसळण्याच्या बेतापर्यंत. ‘सगळ्या’, ‘बहुतेक’, ‘निम्म्या’, ‘थोड्या’ हे शब्द मोजूनमापून पडले आहेत. या तोलामागे हर्बर्ट सॅफिर यांची परंपरा आहे. सॅफिर हवामानतज्ज्ञ नव्हते, बांधकाम अभियंते होते. कोणत्या वाऱ्याला कोणती इमारत टिकते या हिशेबातून त्यांनी श्रेणी लावल्या, आणि नॅशनल हरिकेन सेंटरचे तेव्हाचे संचालक रॉबर्ट सिम्पसन यांच्यासह ती एक ते पाच अंकांची मोजपट्टी घडली. रिक्स यांचे पत्रक म्हणजे त्या मोजपट्टीतल्या पाच या आकड्याचा सविस्तर अर्थ.

मग नजर इमारतींवरून उडणाऱ्या वस्तूंकडे वळते. वाऱ्यात घरातली अवजड यंत्रेसुद्धा असू शकतील, हलकी वाहनेही असू शकतील. आणि त्याच ओघात, एका श्वासात, माणसे... पाळीव प्राणी... गुरेढोरे: वाऱ्यात उघड्यावर सापडून मार लागला तर मृत्यू अटळ. ही पत्रकातली सर्वांत धारदार ओळ. माणसासाठी वेगळे वाक्य नाही, वेगळा सूर नाही. छप्पर, खिडकी, मोटार या यादीत माणूस येतो आणि यादी पुढे सरकते. करुणेचा एकही शब्द न वापरता करुण रस साधला आहे.

यानंतर एकदाच लेखकाचा आवाज चढतो. विजेचे बहुतेक खांब पडलेले असतील आणि ट्रान्सफॉर्मर नष्ट झालेले असतील, म्हणून वीज आठवडेच्या आठवडे येणार नाही, असे कारणासकट सांगितल्यावर वाक्य येते ते पाण्याच्या टंचाईचे: तिच्यामुळे माणसांचे जे हाल होतील ते आधुनिक काळाच्या मानाने विश्वास बसू नये असे असतील. वारा मैलांत आणि दाब मिलिबारमध्ये मोजणाऱ्या माणसाने हाल मोजायला अख्खे युगच माप म्हणून घेतले आहे. श्रीमंत देशाच्या नागरिकाला याहून नेमके सांगता आले नसते.

यातली बरीच वाक्ये रिक्स यांनी त्या सकाळी रचलेली नाहीत. अशा प्रसंगासाठी 1990 च्या दशकातच मसुदा तयार करून ठेवलेला होता. काहींना यामुळे त्यांचे श्रेय कमी वाटते. मला वाटत नाही. बंदिश गवयाने बांधलेली नसते, पण ती केव्हा आणि किती घ्यायची हे त्याचेच असते. रिक्स यांनी नंतर सांगितले आहे की ते एकेक ओळ तपासत गेले, वगळण्याजोगे काही सापडते का ते पाहत गेले, आणि सापडले नाही. न्यू ऑर्लिन्सच्या नाइन्थ वॉर्डात ते वाढले होते. 1965 च्या बेट्सी वादळात तो भाग बुडाला होता. कोरडा मसुदा अशा माणसाच्या हाती पडला हे महत्त्वाचे.

आपल्या भारतीय हवामान विभागाच्या चक्रीवादळाच्या पत्रकांतही अपेक्षित नुकसानीचा भाग असतो: कच्ची घरे, विजेचे खांब, केळी आणि पपईची झाडे. माहिती उपयोगी असते, पण मांडणी तक्त्याची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकले आणि श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा उत्पन्नाला यायला किती वर्षे लागतात, हे तक्त्याच्या कुठल्याच रकान्यात मावत नाही.

आता रिक्स यांचे पत्रक खरे किती ठरले ते पाहू. गंमत अशी की तपशिलात ते पुष्कळ चुकले. 29 ऑगस्टच्या सकाळी कॅटरिना लुइझियानातल्या ब्युरासजवळ जमिनीवर आले ते तिसऱ्या श्रेणीचे होऊन. न्यू ऑर्लिन्सच्या बहुतेक भागाला वारा लागला तो पहिल्या-दुसऱ्या श्रेणीचा. उंच इमारती कोसळल्या नाहीत, दुपाखी छपरे एकूण एक गेली नाहीत. पण शहर आठवडेच्या आठवडे राहण्यालायक उरले नाही, हे अक्षरशः खरे झाले. वादळाचा मार्ग तर मायामीच्या नॅशनल हरिकेन सेंटरने दोन दिवस आधीच उत्तम वर्तवला होता. ताकदीचा अंदाज मात्र मार्गाच्या अंदाजाहून नेहमीच अवघड. आखातातल्या कोमट पाण्याच्या खोल थरावरून जाताना वादळ झपाट्याने तापते, आणि डोळ्याभोवतीच्या ढगांच्या भिंती मोडून नव्या उभ्या राहताना तेवढ्याच झपाट्याने उतरते.

शहर बुडाले ते पाण्याने. बांध आणि पूरभिंती फुटल्या, 80 टक्के शहर पाण्याखाली गेले. आणि या गाजलेल्या पत्रकात पाणी आहे ते फक्त टंचाईचे! हा दोष पूर्णपणे रिक्स यांच्या माथी मारता येणार नाही, कारण पत्रकाचा तो भाग वाऱ्याच्या इशाऱ्याचाच होता. समुद्र किती चढेल याचा आकडा मायामीच्या त्याच दिवशीच्या पत्रकात होता: 18 ते 22 फूट, काही ठिकाणी 28 फुटांपर्यंत. बांधांवरून पाणी जाऊ शकेल असेही त्या दिवशी म्हटले गेले. मिसिसिपी राज्यातल्या पास क्रिश्चनला पाणी जवळपास 28 फूट चढले, म्हणजे आकडा बरोबर होता. पण वाऱ्याच्या वाट्याला छपरे, खिडक्या, माणसे आणि गुरे आली. पाण्याच्या वाट्याला नुसते फूट आले. सरासरी भरतीपेक्षा 20 फूट म्हणजे आपल्या माळ्यापर्यंत की त्याच्याही वर, हे घरात बसलेल्या माणसाला कोण सांगणार? पत्रक शेवटी बजावते की एकदा वारे सुरू झाले की बाहेर पडू नका. वाऱ्यासाठी तो सल्ला चोख होता. पाणी चढू लागल्यावर ज्यांना माळ्यावर जावे लागले आणि छप्पर फोडता आले नाही, त्यांच्यासाठी नव्हता.

पुढे सॅफिर-सिम्पसन मोजपट्टीतून चढत्या पाण्याचे आकडे काढून टाकले गेले आणि 2010 पासून ती निव्वळ वाऱ्याची राहिली. अमेरिकेत समुद्राच्या चढत्या पाण्यासाठी वेगळा इशारा 2017 पासून रीतसर सुरू झाला. आता तिथले नकाशे पाणी जमिनीपासून किती वर येईल ते दाखवतात. मधल्या काळात प्रभाव सांगणारी भाषाही अमेरिकी इशाऱ्यांत रुळली, इतकी की ‘विनाशकारी’ हा शब्द आता जरा जास्तच वेळा कानावर पडतो. रिक्स यांनी तो बेताने वापरला असता.