प्रभावळ आणि चपलेचा पट्टा

मार्च २०१६मध्ये बार्सिलोनाच्या सराव-चाचणीत किमी रायकोनेनची फेरारी चालकाच्या डोक्याभोवती एक काळी कमान घेऊन बाहेर पडली. ते छायाचित्र पाहून मी जे म्हणालो ते इथे छापण्याजोगे नाही. पंचवीसेक वर्षे ज्या गाडीचे रूप डोळ्यांत साठवले, तिच्या तोंडावर कुणीतरी मुसके बांधल्यासारखे वाटले. त्या कमानीला नाव दिले होते ‘हेलो’. म्हणजे आपली प्रभावळ. पण प्रभावळ देवाच्या मागे असते. ही चालकाच्या नाकासमोर मधोमध खांब रोवून उभी होती. लोकांनी तिला हवाई चपलेचा पट्टा म्हटले, आणि २०१८मध्ये तर मॅक्लारेनने एका चपला बनवणाऱ्या कंपनीची जाहिरातच तिच्यावर चिकटवली. विनोद चांगला होता. मत मात्र माझे चुकले होते, आणि ते कसे चुकले याचा शोध घेताना एकूणच ‘सुरक्षिततेने शर्यतीच्या गाडीचे सौंदर्य मारले’ या तक्रारीबद्दल मला शंका येऊ लागली.

आधी वस्तू काय ते पाहू. टायटेनियमची नळी, वजन साधारण सात किलो, गाडीच्या सांगाड्याला तीन ठिकाणी जोडलेली. चाचणीत तिने सुमारे बारा टनांचा भार पेलायचा असतो. गरज का पडली, याचे उत्तर २००९च्या एका आठवड्यात आहे. १९ जुलैला ब्रँड्स हॅचवर दुसऱ्या गाडीचे निखळलेले चाक डोक्यावर आदळून अठरा वर्षांचा हेन्री सर्टीज गेला. सहाच दिवसांनी हंगेरीत बॅरिकेलोच्या गाडीतून निसटलेली स्प्रिंग फेलिपे मासाच्या हेल्मेटवर बसली. तो वाचला. २०१५मध्ये अमेरिकेत पोकोनोला जस्टिन विल्सन उडत्या तुकड्याने गेला. गाडीचा सांगाडा कार्बन फायबरचा, अभेद्य म्हणावा असा, आणि त्यात बसलेल्या माणसाचे डोके उघडे.

तरीही २०१८मध्ये कमान सक्तीची झाली तेव्हा निकी लाउडासारख्या, स्वतः १९७६मध्ये आगीतून वाचलेल्या माणसाने विरोध केला. मर्सिडीजचे प्रमुख टोटो वोल्फ म्हणाले की हाती करवत असती तर कापून टाकली असती. गंमत अशी की या कल्पनेचे मूळ आरेखन मर्सिडीजच्याच अभियंत्यांचे होते.

माझा मुख्य आक्षेप इथे आहे. कुरूपता सुरक्षिततेच्या नियमातून येते की नियमाला बगल देण्यातून? २०१० साली व्हॅलेन्सियात मार्क वेबरची गाडी पुढच्या गाडीच्या चाकावर चढून हवेत उलटली. गाड्यांची नाके खाली आणण्याचे प्रयत्न त्यानंतर सुरू झाले. २०१२मध्ये नाकाची उंची ५५० मिलिमीटरवर आणली, पण मागचा सांगाडा ६२५ पर्यंत ठेवायची मुभा होती. संघांना खालून जास्तीत जास्त हवा हवी, म्हणून त्यांनी सांगाडा उंचच ठेवला आणि मध्ये जिन्याची पायरी आली. मॅक्लारेनने तसे केले नाही, त्यांची गाडी त्या वर्षी देखणी होती. नियम दोघांना एकच होता! २०१४मध्ये नाकाचे टोक आणखी खाली आणले. तेव्हा फोर्स इंडियासह अनेकांनी बोटाएवढी अरुंद नळी पुढे काढून नियमाचा शब्द पाळला आणि बाकीचे नाक उंचच ठेवले. मुंगीखाऊ म्हणून हसले गेले ते हेच. हे ओंगळपण वेगाच्या हव्यासाचे आहे, शिव्या मात्र सुरक्षिततेला बसल्या.

या तुलनेत हेलो प्रामाणिक आहे. ती कशासाठी आहे ते लपवत नाही.

साठच्या दशकातल्या सिगारसारख्या गाड्यांचे गोडवे गाणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लोटस ४९ मलाही सुंदर वाटते. पण तिच्यात बसणारा जिम क्लार्क ७ एप्रिल १९६८ला हॉकेनहाइमच्या झाडांत संपला, हे त्या चित्राबाहेर ठेवून चालत नाही.

कमानीने काय केले? २०१८मध्ये स्पाला अलोन्सोची गाडी लेक्लेर्कच्या डोक्यावरून गेली, कमानीवर ओरखडे राहिले. २९ नोव्हेंबर २०२०ला बहारीनमध्ये रोमेन ग्रोजाँ १९२ किलोमीटरच्या वेगाने लोखंडी कठड्यात घुसला. गाडी दुभंगली, पेटली. कमानीने कठड्याचे पत्रे फाकवले आणि जवळपास अर्ध्या मिनिटाने तो भाजलेल्या हातांनी बाहेर आला. हाच ग्रोजाँ आधी कमानीच्या विरोधात होता. रुग्णालयातल्या खाटेवरून त्याने ते जाहीरपणे मागे घेतले.

मला सर्वात बोलका वाटतो तो ३ जुलै २०२२चा सिल्व्हरस्टोन. सकाळी एफ-टूच्या शर्यतीत डेनिस हाउगरची गाडी उडून रॉय निसानीच्या कमानीवर आदळली. (हाउगरचा त्या वर्षीचा संघ-सोबती आपला मुंबईचा जेहान दारूवाला.) दुपारी झोऊ ग्वान्यूची अल्फा रोमिओ उलटी घसरत गेली आणि टायरांच्या भिंतीपलीकडे जाळीत अडकली. चालकाच्या डोक्यामागे उलटल्यावर भार घेणारा एक आधार असतो. अल्फा रोमिओने तो वजन आणि हवेचा प्रवाह पाहून पात्यासारखा एकच सडपातळ केला होता. तो मोडला. कमान टिकली. म्हणजे डौलदार भाग तुटला आणि चपलेच्या पट्ट्याने माणूस वाचवला. पुढच्या हंगामापासून त्या आधाराचा माथा गोल असावा, असा नियम आला.

एवढे मान्य करूनही कमानीच्या आरतीत मी सामील होणार नाही. तिच्या चर्चेत ज्यूल्स बियांचीचे नाव हमखास येते. २०१४मध्ये सुझुकाला भर पावसात तो दुसरी गाडी उचलणाऱ्या क्रेनवर आदळला आणि पुढच्या जुलैत गेला. पण कमानीने त्याला वाचवले नसते, हे खुद्द एफआयएच्या अभ्यासातच निघाले. तिथे चूक गाडीच्या आकाराची नव्हती. शर्यत चालू असताना क्रेन आत आली होती. आणि ९ ऑक्टोबर २०२२ला, त्याच सुझुकात, तशाच पावसात, पिएर गास्ली पुन्हा एका क्रेनच्या बाजूने वेगात गेला. तोपर्यंत प्रत्येक गाडीवर कमान बसून पाच हंगाम होत आले होते. पावसातली शर्यत पाहताना आता माझे लक्ष गाडीच्या रूपाकडे फारसे जात नाही. पिवळा झेंडा कुठे हलतो आहे आणि क्रेन कुठे उभी आहे, तेच मी पडद्यावर शोधत बसतो.