सेदरचं ताट आणि ‘बरोबर’चं चिन्ह

ज्यू लोकांच्या पेसाखची, म्हणजे पासओव्हरची, सुरुवात सेदर नावाच्या विधिवत जेवणानं होते. इजिप्तमधल्या गुलामगिरीतून सुटका कशी झाली, ती गोष्ट घरच्यांनी मिळून सांगायची आणि सांगता सांगता ताटातले ठरावीक पदार्थ खायचे. या ताटाची ओळख करून देणारे तक्ते सगळीकडे साधारण सारखेच असतात. मारोर हा कडू पाला = गुलामीचा कडवटपणा. हारोसेत हे फळं-सुकामेव्याचं गोड वाटण = विटांचा चिखल. मिठाच्या पाण्यात बुडवलेली कारपास ही भाजी = अश्रू. पाठ करायला सोपं आहे. माझा आक्षेप त्या ‘बरोबर’च्या चिन्हावर आहे.

आधी मारोर बघू. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात मारोरसाठी पाच वनस्पती सांगितल्या आहेत. त्यातली पहिली हजेरेत, म्हणजे लेट्यूस. आता सॅलड खाणारा कुणीही विचारेल, हे कुठं कडू? जेरुसलेमच्या तालमूदात याचं उत्तर आहे: हे पान सुरुवातीला गोड, शेवटी कडू, इजिप्तमधलं जगणंही तसंच झालं. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबानं हे निरीक्षण चोख आहे. लेट्यूसला फुलाचा दांडा येऊ लागला की त्यातल्या पांढऱ्या चिकातली लॅक्ट्यूसिन, लॅक्ट्यूकोपिक्रिन यांसारखी संयुगं जाणवायला लागतात आणि पान कडू होतं. म्हणजे इथं प्रतीक नुसत्या चवीत नाही, चव बदलण्यात आहे.

पुढे उत्तर आणि पूर्व युरोपातल्या थंडीत पेसाखच्या सुमाराला लेट्यूस मिळेना, तेव्हा ताटात हॉर्सरॅडिशचं मूळ आलं. गंमत म्हणजे ते मुख्यतः कडू नाहीच, झणझणीत आहे. किसताना पेशी फुटतात, मायरोसिनेज हे एन्झाइम सिनिग्रिनला भिडतं आणि अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट तयार होतं. आपल्याकडे फेसलेली मोहरी नाकात जाते, तोच हा प्रकार. कडू चव जिभेवरचे चवीचे रिसेप्टर ओळखतात. हा झणका मात्र वेदना कळवणाऱ्या नसांमधून जातो. कारलं आणि मोहरी यांत जेवढा फरक, तेवढाच हा.

तक्त्यात मात्र दोन्हींपुढे एकच शब्द: कडवटपणा. खरं तर या गुलामीबद्दलच्या दोन वेगळ्या कल्पना आहेत. लेट्यूस म्हणतं, गुलामी हळूहळू येते, सुरुवातीला कळतही नाही. हॉर्सरॅडिश म्हणतं, ती पहिल्या घासालाच डोळ्यांत पाणी आणते. यातली कुठली खरी, यावर त्या टेबलाशी बसून भांडण्यासारखं आहे.

हारोसेतचंही तसंच. बॅबिलोनी तालमूदात त्याची किमान तीन कारणं येतात: हजेरेतमधला अपाय मारायला, सफरचंदाच्या झाडाची आठवण म्हणून आणि चिखलाची आठवण म्हणून. तक्त्यांनी बहुधा तिसरं उचललं, पहिली दोन सोडली. कारपासचं तर विचारूच नका. जेवणाआधीच भाजी बुडवून का खायची? तालमूदाचं उत्तर: मुलांच्या लक्षात यावं आणि त्यांनी विचारावं म्हणून. म्हणजे प्रश्न पडावा यासाठी ठेवलेल्या पदार्थावर आपण आधीच उत्तराची चिठ्ठी चिकटवून ठेवतो.

यावर कुणी म्हणेल, अर्थ सांगणं हा विधीचाच भाग आहे. खरंय. पेसाखचं अर्पण, मात्सा आणि मारोर या तिघांबद्दल बोलल्याशिवाय कर्तव्य पुरं होत नाही, असं रब्बान गमलिएल यांचं मत मिश्नात आहे. पण तिथं अर्थ प्रश्नानंतर येतो, आणि माणसाच्या तोंडून येतो.

अर्थ आधी आणि खाणं मागून, असा क्रम प्रत्यक्षातही नेहमी नसतो. कोकणातले बेने इस्रायल या सणाला पूर्वी ‘अनाशी ढाकाचा सण’ म्हणत. अनास, म्हणजे आंबट रसाचं भांडं, या दिवसांत झाकून ठेवायचं. नावात इजिप्त नाही, गुलामी नाही, फक्त झाकलेलं भांडं आहे. 1874 मध्ये पुण्यात मराठी भाषांतरासह सचित्र हग्गादा छापली गेली, आणि त्यातल्या एका चित्रात बायका जमिनीवर बसून मात्सा करताना दिसतात. स्वयंपाकघरानं आधी सांभाळलेली गोष्ट अशी मराठी छापील पानावरही आली.

तक्ते काढून टाका असं मी म्हणत नाही. फक्त ‘बरोबर’च्या जागी प्रश्नचिन्ह छापून बघा. पोरं उरलेलं काम करतील.