आवाज नाही, धूर नाही. मग जंगलवाटेवर ई-बाइकला बंदी कशाला?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्यांसाठी आज एक वाद तपासायला घेऊ. जिथे मोटारवाहनांना बंदी आहे अशा सार्वजनिक जमिनीवरच्या वाटांवर ई-बाइक चालू द्यावी का? बाजूने बोलणारे म्हणतात, आवाज नाही, धूर नाही, मग अडचण काय? विरोधक म्हणतात, मोटार ती मोटार. माझं म्हणणं असं की दोन्ही बाजू चुकीचंच व्हेरिएबल मोजताहेत.

आधी व्याख्या बघू. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत ०.२५ किलोवॅटपेक्षा कमी शक्तीचं आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाचं बॅटरीवरचं वाहन, इतर अटी पाळल्या तर, मोटारवाहन धरत नाहीत. अमेरिकेत ७५० वॅटपर्यंतची ई-बाइक चालते, आणि २०१९ मध्ये तिथल्या गृहखात्याने (म्हणजे सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या खात्याने) जिथे सायकल चालते तिथे ई-बाइकही चालू द्या, असा आदेश काढला. म्हणजे एकच बाइक एका देशात मोटार आणि दुसऱ्या देशात सायकल ठरू शकते. जमिनीला याने काय फरक पडतो? काहीच नाही. आपला नियम लायसन्स आणि नोंदणीसाठी केलाय, मातीसाठी नाही. कायद्याची व्याख्या उचलून तिलाच शास्त्रीय वर्गवारी समजणं ही रिसर्चमधली जुनी खोड आहे.

आता पुरावा. या वादात हमखास पुढे येतो तो ओरेगॉनमधल्या जंगलवाटेवरचा २०१५ चा अभ्यास. साधी माउंटन बाइक, पॅडल मारल्यावरच मदत करणारी ई-बाइक आणि मोटारसायकल, या तिघांनी किती माती हलवली ते त्यात मोजलं. मोटारसायकलने बरीच जास्त हलवली. ई-बाइक आणि साधी सायकल यांच्यात एकूण ठळक फरक नव्हता. वळणांवर आणि चढ-उतारांवर थोडा दिसला. अभ्यास वाईट नाही, पण त्याच्यावर टाकलेलं ओझं त्याला पेलत नाही. एक तर तो माउंटन बाइकवाल्यांच्या संघटनेनेच केलेला. दुसरं, एकच जागा, एकच प्रकारची माती, तीही सायकलसाठीच बांधलेल्या वाटेवर. आपल्याकडची काळी कापसाची माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला गोळा होऊन चिकटते. तिथला आकडा इथे कसा लावणार?

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. अभ्यासाने ठरावीक फेऱ्यांचा परिणाम मोजला. एकूण परिणाम म्हणजे एका फेरीचा परिणाम गुणिले फेऱ्यांची संख्या. ई-बाइकमुळे दम न लागता माणूस जास्त लांब जातो, जास्त वेळा जातो, आणि पूर्वी न जाणारेही जातात. गुणाकारातला दुसरा आकडा कोणी मोजलाच नाही तर पहिला कितीही लहान असो, निष्कर्ष अर्धाच.

उलट बाजूही तपासा. आपल्याकडची बंडी बिनमोटारीचीच ना? पण लोखंडी धावेच्या चाकांनी पावसाळ्यात पडलेली चाकोरी बघा आणि सांगा, माती कोणी जास्त कापली. ‘बिनमोटार म्हणजे निरुपद्रवी’ हेही सिद्ध झालेलं नाही.

महाराष्ट्रातलं खरं उदाहरण माथेरानचं. २००३ पासून तो पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहे. तिथे माणसं हाताने रिक्षा ओढत होती. सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षाचा प्रयोग सुरू झाला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. घोडेवाल्यांचा मात्र ई-रिक्षाला विरोध राहिला. यातून दोन धडे निघतात. एक, वाहन एकटं येत नाही, रस्ता सोबत घेऊन येतं. ई-रिक्षाबरोबर पेव्हर ब्लॉकचा वाद आलाच, आणि न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांना आणि ट्रेकिंगच्या वाटांना नाही, अशी रेघ ओढली. दोन, तिथे पारड्यात माणसाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता. विरंगुळ्यासाठी ई-बाइक मागणाऱ्याने माथेरानचा दाखला देऊ नये. ते वजन त्याच्या पारड्यात नाही. (गुडघे गेलेल्या किंवा अपंग व्यक्तीने दिला तर मी ऐकेन.)

आणि आपला यवतमाळ जिल्हा? टिपेश्वर अभयारण्यात वाघ आहेत. १३ मृत्यूंशी जोडली गेलेली टी-१ वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला मारली गेली, ती याच पांढरकवडा-राळेगाव भागातली. इथे ई-बाइकची ‘आवाज नाही’ ही जमेची बाजूच उलटते. आवाज न करता वेगाने वळणावर आलेला माणूस जनावराला आधी कळत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कजवळ एक सायकलस्वार असाच अस्वलावर आदळला आणि जिवाला मुकला. त्याची सायकल साधी होती. म्हणजे मोजायचा तो वेग, मोटार नव्हे.

शिवाय या वाटा ‘ट्रेल’ म्हणून कोणी आखलेल्या नाहीत. मोहफुलं आणि तेंदूपान गोळा करणाऱ्यांच्या त्या पायवाटा आहेत. पाहुण्याच्या ई-बाइकला हो आणि गावच्या गुराख्याला नाही, असा नियम झाला तर तो कितीही पर्यावरणपूरक म्हणा, न्याय्य नाही.

माझं मत: अभयारण्यात नको. बाहेरच्या बंडीवाटांवर वेगमर्यादा घालून, पावसाळा वगळून, आधी आणि नंतर मोजमाप करून प्रयोग करायला हरकत नाही. ज्यांना विषय हवाय त्यांनी दोन-तीन वाटा निवडाव्या, एक वाट तुलनेसाठी तशीच ठेवावी. मातीचा दबलेपणा, चाकोरीची खोली, दिवसाच्या फेऱ्या आणि वेग नोंदवावा, आणि त्या वाटेने रोज चालणाऱ्या बायांना आधी विचारावं. गाइड विचारतील, ‘गॅप कुठे आहे?’ तर तो फेऱ्यांच्या आकड्यात आहे.