चिरकलेला स्वर

घरातील तरुण मुलगा खोलीचे दार लोटून घेतो आणि आतून कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत असल्याचा आवाज येऊ लागतो, तेव्हा ‘याला का संगीत म्हणायचे?’ हा प्रश्न आईवडिलांच्या ओठांवर येतोच. आमच्याही आला. ज्या ध्वनिमुद्रिकेमुळे तो आला, तिचे नाव ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’. याच नावाच्या चौघा तरुणांच्या संचाने ती फेब्रुवारी १९८५ मध्ये अमेरिकेच्या राजधानीलगत, एका घराच्या तळघरात थाटलेल्या ‘इनर इअर’ स्टुडिओत ध्वनिमुद्रित केली. ‘डिस्कॉर्ड’ या, १९८० मध्ये वादकांनीच काढलेल्या लहानशा कंपनीने ती त्याच वर्षी प्रसिद्ध केली. ज्या रॉक-संगीताला पुढे ‘इमो’ म्हटले जाऊ लागले, त्याचा उगम अनेक जाणकार येथे मानतात. भावनेसाठीच्या इंग्रजी शब्दाचा हा तोकडा अवशेष खुद्द या मंडळींना मात्र कधी रुचला नाही, आणि त्यांचे काय चुकले?

प्रथम श्रवणी आमचा कान बंड करून उठला. गायक गाय पिचॉट्टो गातो कमी आणि हंबरडा फोडतो अधिक. निसटून गेलेले दिवस, तुटलेली माणसे, आजचा क्षणही हातून जाणार ही धास्ती एवढाच त्याचा विषय. पण शब्द ओळीत मावत नाहीत, श्वास अपुरा पडतो, वरच्या पट्टीत स्वर चिरकतो. एखाद्या मोठ्या कंपनीने हा चिरकलेला स्वर नक्कीच पुसून टाकला असता. येथे तो तसाच राहू दिला आहे. दुसऱ्यांदा ऐकताना आमच्या ध्यानी आले की, असा स्वर आम्ही पूर्वी कुठेतरी ऐकला आहे.

तो ऐकला होता आंबेगाव तालुक्यातील एका गावच्या जत्रेत. तमाशाला जाण्याची आम्हांला घरून मनाई होती; म्हणून कनातीबाहेर, काळोखात उभे राहून ऐकला. गण-गौळण झाली, बतावणी झाली आणि मध्यरात्रीनंतर वगातील एका आईचा विलाप सुरू झाला. ती बाई कोण, हे आजही आम्हांला ठाऊक नाही. रात्रीमागून रात्री गाऊन तिचा गळा बसलेला होता. वरच्या स्वराला ती पोहोचली नाही. तो स्वर वाटेतच फाटला, आणि झीलकऱ्यांनी ‘जी जी’ करीत तिला उचलून धरले. कनातीआडचा सारा समुदाय एकदम स्तब्ध झाला. स्वर नेमका लागला असता, तर तो तसा स्तब्ध झाला असता असे आम्हांला वाटत नाही.

जुन्नर तालुक्यातील नारायणगावास ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात, हे या परिसरातील वाचकांस सांगावयास नको. पाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या तेथे लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. फड कुणाच्या आश्रयाला नसतो, हे त्याचे स्वातंत्र्य. आणि कर्जाच्या उचलीतून तो क्वचितच सुटतो, ही त्या स्वातंत्र्याची किंमत. अमेरिकेतील त्या चौघांपाशी परत जायला घर होते. फडातील कलावंतांच्या वाट्याला बहुधा गावकुसाबाहेरचे जिणे आले. तेव्हा दोन्हींकडील आर्तता एकच, असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. सारखेपणा आहे तो एवढाच, की स्वतःचे हसे होईल ही भीती गाणाऱ्याने सोडून दिलेली असते.

मात्र हा कच्चेपणा म्हणजे अडाणीपणा नव्हे. पिचॉट्टोचा गळा कोसळत असताना ब्रेंडन कँटीचे ड्रम तसूभरही ढळत नाहीत. वगातील बाई रडत असताना ढोलकी आणि कडे लय सोडत नाहीत. खालची जमीन पक्की असते, म्हणून वरच्याला कोसळता येते. आपल्याकडे मिस्सात प्रतिसाद-स्तोत्र म्हणताना मूळच्या आक्रोशाची धार आपल्या संथ चालीने किती बोथट झाली आहे, हा विचार या निमित्ताने मनात आल्यावाचून राहिला नाही.

परंतु अशा स्वराचा एक धोकाही आहे, आणि तो गाणाऱ्याला नसून ऐकणाऱ्याला आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे नाव काढताच काय सांगितले जाते? भर कार्यक्रमात कळा आल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचून पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव मिळाला. शेवटची वर्षे मात्र ओढाताणीत गेली, आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्या निवर्तल्या. २००६ पासून राज्य शासन त्यांच्या नावे पुरस्कार देते. ती बाळंतपणाची कथा आम्ही अनेकदा ऐकली. त्या रात्री त्या काय गात होत्या, हे मात्र सांगणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही. दुःख एवढे मोठे झाले की गाणे मागे पडले. आमच्या मुलाचे मित्रही त्या ध्वनिमुद्रिकेविषयी बोलताना बहुतेक वेळा गायकाच्या यातनांविषयीच बोलतात. त्या गिटारींच्या गुंतवळीविषयी नाही. कळवळा येणे सोपे असते. ऐकणे त्याहून कठीण.

ध्वनिमुद्रिकेत उणीव आहेच. बाराच्या बारा गाणी एकाच उंचीवरून कोसळतात. उत्तरार्धात कान बधिर होतो आणि विलापाचा विलापावर परिणाम उरत नाही. फडाला हे पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणून तेथे सोंगाड्या असतो, मावशी असते. प्रेक्षक पोट धरून हसल्यावरच आईचा विलाप येतो. या चौघांपाशी सोंगाड्या नव्हता. १९८६ च्या आरंभी संच मोडला. पिचॉट्टो आणि कँटी पुढे ‘फुगाझी’ या संचात गेले. तेथे तोच गळा मध्येच थांबायला, ढोलांना आणि शांततेला जागा द्यायला शिकला.